रिकामा डबा कसा द्यायचा?

सांगायची लाज वाटते, पण तुम्ही घरचेच. चहा घ्या, आणि हसू आलं तर खुशाल हसा. असला वेडेपणा अख्ख्या सिल्वासात माझ्याशिवाय कुणी केला नसेल, असं मला वाटत होतं. तेही खोटंच निघालं.

आमच्या इथल्या डॉक्टरीणबाई मूळच्या नाशिकच्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "सुनीताताई, साखर अगदी काठावर आहे. महिनाभर नीट जेवा. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ, पाव ताट भाकरी. तळलेलं नाही, गोड नाही. वजन उतरलं तर ठीक, नाहीतर गोळी सुरू."

माझ्या आईला गोळी लागली ती शेवटपर्यंत सुटली नाही. मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी गोळी नको.

आणि पाळलंही हो, अगदी शपथेवर. पण आमच्या ह्यांचं काय? आम्ही धुळ्याकडचे. हे खडोलीला कंपनीत. दमून आल्यावर शेवभाजीवर तर्री दिसली नाही तर घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली. त्यांच्यासाठी करायचं, आणि उरलेलं दिवसभर माझ्यासमोर. अन्न टाकवत तर नाही.

मग मला युक्ती सुचली. सामरवरणीला आमच्या समोरच्याच दारात हंसाबेन राहतात. वलसाडकडच्या, मनाने मोकळ्या. उरलेली भजी आणि पुरणपोळ्या डब्यात भरल्या नि त्यांना देऊन आले.

"अरे सुनीताबेन, इतना सारा?"

"खा हो, तुमच्यासाठी मुद्दाम केलंय."

खरं सांगू? मनात म्हटलं, बिचारीचं वजन वाढेल, पण माझं तरी वाचेल.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. आता रिकामा डबा कुणी परत देतं का? आपल्यात नाही देत, त्यांच्यातही नाही. आत सुखडी, म्हणजे आपली गूळपापडीच. साजूक तुपातली, अजून कोमट.

"चाखी जुओ," म्हणाल्या, चाखून तर बघा.

शेजारणीच्या हातचं टाकायचं कसं? मी आधी माझी भाजी-डाळ-भाकरी पूर्ण संपवली, नियम मोडायला नको म्हणून. मग ओट्याशी उभ्यानेच सुखडी खाल्ली. उभ्याने खाल्लेलं काही जेवणात धरत नाहीत. तुम्ही धरता?

डबा धुतला. पण रिकामा कसा द्यायचा? मिरचीची भजी केली. तिकडून फाफडा आला. मी खापरावरचे मांडे केले, तिकडून मोहनथाळ, बेसनाच्या तुपाळ वड्या. डबा पुरेना, तेव्हा त्यांनी त्यांच्याकडचा मोठा काढला. मग त्यांच्यापेक्षा कमी भरून कसं चालेल?

एकदा हे घरात शिरता शिरता म्हणाले, "तुझं डाएट आहे ना? मग हा घमघमाट कसला?"

"हंसाबेनसाठी करतेय."

"आणि बशीत काय आहे?"

"ते हंसाबेननी दिलंय."

ह्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि मोहनथाळाचा तुकडा उचलला.

महिना झाला. निघताना हंसाबेनना म्हटलं, बँकेत जाऊन येते. डाएटचं कुणाला कशाला सांगा? त्या म्हणाल्या, मीही मुलीकडे वापीला चाललेय.

दवाखान्यात काट्यावर उभी राहिले. वजन वाढलेलं. चांगलं दोन किलो.

"बाई, तुमचा काटा बिघडलाय. मी तर भाजी-डाळच खातेय."

"आत्ता आतल्या बाईंनीही हेच सांगितलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. "सुनीताबेन?"

पडदा सरकला. आत हंसाबेन, दंडाला बीपीचा पट्टा.

"तमे तो बँकमां गया हता ने?"

"आणि तुम्ही वापीला?"

हंसाबेन रडवेल्या झाल्या. "डॉक्टर, मेरा तो महीने से सब बंद है. घर में जो मीठा बनता है, तला हुआ बनता है, सब इनको दे देती हूँ. सोचा, ये तो खा लेंगी. और ये जो भेजती हैं, वो फेंका थोडी जाता है?"

महिनाभर मी जिची कीव करत होते, ती माझी कीव करत होती.

डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही गोळी लिहून दिली. मी पदराने डोळे टिपले आणि हळूच विचारलं, "बाई, ही जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?"

त्यांचं पेन थांबलं.

"जेवणानंतर. पण कुठल्या, सुनीताताई? तुमच्या की हंसाबेनच्या?"