फुलदाणीवरचे चिनी

अब्बा मालवाहू बोटीवर खलाशी. वर्षाचे दहा महिने समुद्रावर. घरी आम्ही पाच भावंडं आणि चादरी दोन. तरी अब्बांनी मला रत्नागिरीच्या कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. साठच्या दशकात दुबईत उतरल्यावर हे मी सगळ्यांना सांगायचो. कुणी न विचारता.

एका क्लिअरिंग कंपनीत क्लार्क म्हणून लागलो, तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर. क्लिअरिंग म्हणजे बोटीतून उतरलेला माल कस्टममधून सोडवणं. कागद आणि माल जुळले तर सुटला, नाहीतर अडकला.

मी एकट्याने सोडवायचं पहिलंच कन्साइनमेंट म्हणजे लंडनहून आलेल्या दोन जुन्या फुलदाण्या. एका बड्या व्यापाऱ्याच्या मुलीचा लग्नाचा आहेर, आणि लग्न उद्या. आमचे मॅनेजर मेनेझिस साहेब म्हणाले, "आज सुटल्या नाहीत, तर पुढच्या बोटीने घरी जायचं. डिग्री विसरू नको."

कस्टमचे इन्स्पेक्टर खानसाहेब यांनी खोका उघडला. इन्व्हॉइसवर 'इंग्लिश पोर्सेलीन'. फुलदाणीवर मात्र पागोडा, वाकडा पूल, छत्रीवाली बाई आणि चहा पिणारा लांब वेणीचा चिनी म्हातारा. बुडाखाली चिनी अक्षरांचा शिक्कासुद्धा.

"ये इंग्लंड है?"

"जी. अंग्रेज कारीगर चीनी तस्वीरें बनाते थे. शौक था."

"क्यों? उनके पास अपने आदमी नहीं थे?"

याचं उत्तर बी.ए.ला नव्हतं.

"किसी चीनी से पढ़वाओ. नीचे चीन लिखा होगा, तो माल खलास."

जेटीवर एका बोटीचा चिनी कुक भाजी घेत होता. मुंबईच्या फेऱ्या करून हिंदी शिकलेला. त्याला हाताला धरून आणला. त्याने शिक्का सुलटा पाहिला, उलटा पाहिला.

"कुछ नहीं लिखा. किसी ने झाड़ू मारा है."

"इसको पढ़ना नहीं आता होगा," खानसाहेब मला म्हणाले.

कुक भडकला. त्याने फुलदाणी फिरवली आणि चित्रातल्या म्हाताऱ्यावर बोट आपटलं. "ये देखो! चाय में ऊपर से दूध डालता है! मेरा बाप देखेगा तो मर जाएगा!"

खरंच, म्हाताऱ्याच्या हातात दुधाचा जग होता. एवढा वेळ आम्हा दोघांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

खानसाहेबांचा चेहरा उजळला. "दूध? फिर तो इंडिया का माल है!"

माझ्या डोळ्यांपुढे पुढची बोट आली.

"खानसाहब," मी म्हणालो, "हम दूध चाय के साथ उबालते हैं. ऊपर से डाले, वो अंग्रेज."

त्यांनी आपल्या हातातल्या उकळलेल्या चहाच्या ग्लासाकडे पाहिलं. एक घोट घेतला.

"सही है. यल्ला, ले जाओ."

रजिस्टरमध्ये त्यांनी इंग्रजीत शेरा लिहिला, त्याचा अर्थ: 'दूध तपासले. माल इंग्लंडचा.'

तेव्हापासून माल कुठला हे ठरवताना मी आधी चित्रातली माणसं काय खातात-पितात ते बघतो, शिक्का नंतर. फुलदाण्या वेळेवर पोचल्या. प्रोबेशन संपलं, तेव्हा मेनेझिस साहेबांनी मला परमनंट केलं.