पहिला पसंतीक्रम

वयाबरोबर माणूस समजूतदार होतो असं म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. माझ्या आईला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, मी त्रेपन्नची, आणि दोघींपैकी समजूतदार कुणीच नाही.

दहावीनंतर मला आर्ट्सला जायचं होतं. आईने मला न विचारता कॉमर्सचा फॉर्म भरून टाकला. मी मुकाट्याने शिकले, बँकेत चिकटले आणि आईशी तेव्हापासून कामापुरतंच बोलत राहिले. औषधं आणली का, कुकर लावू का, एवढंच. तिला त्याचं काही वाटतं असं कधी दिसलं नाही. मला वाटायचं, नोकरी लागली की राग जाईल. मग वाटलं, मूल झालं की आई कळेल. मूल झालं, आई कळली, राग तसाच राहिला. बाबा गेल्यावर आई घाटकोपरची खोली सोडून मुलुंडला आमच्याकडे आली, तरी तसाच. ही सगळी कहाणी मी माझ्या मुलीला इतक्यांदा ऐकवली की तिला ती पाठ झाली होती.

मागच्या वर्षी तिची दहावी झाली. तिलाही आर्ट्सच हवं होतं. मी लगेच हो म्हटलं, स्वतःवर खूशही झाले. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म तिने भरला. पासवर्ड माझ्याकडे होता. शेवटच्या दिवशी ऑफिसात डबा खाता खाता मी तो उघडला आणि पहिल्या क्रमांकावर सायन्सचं कॉलेज टाकलं. मला भीती वाटली, बाकी काही कारण नाही. इतक्या वरच्या कॉलेजात नंबर लागणारच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पहिल्याच यादीत नंबर लागला. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर. हा नियम मला माहीत होता. मुलीने यादी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि फोन ठेवून दिला. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

ॲडमिशनच्या दिवशी मी रजा घेतली. अंघोळ करून बाहेर आले तर घरात कुणी नव्हतं. मुलगी आजीला घेऊन गेली होती. जिना उतरताना जिचे गुडघे बोंबलतात, तिला.

दुपारी दोघी परतल्या. मुलगी सरळ खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आई खुर्चीत बसून पाय चोळू लागली. तू कशाला मध्ये पडलीस, असं मी तिला फाडकन विचारलं.

"तिनेच चल म्हटलं. रिक्षात विचारत होती, आईने तुझ्याशी बोलणं नक्की कधी टाकलं."

"मग?"

"सांगितलं मी. ॲडमिशन घेऊन घरी आली, त्या दुपारपासून."

याला आता वर्ष होत आलं.