जर्मनच्या गंजातली अंबाडी

...आणि रिकामा गंज घेऊन मी तशीच अंगणात पळाले.

"अवो, हळू पय. पोटात लेकरू हाये," सासूबाई मागून ओरडल्या. मला सहावा महिना. पण तो गंज उन्हात धरून पाहायचाच होता.

गंज म्हणजे पातेलं, आणि ॲल्युमिनियमला आमच्या बार्शीटाकळीत जर्मन म्हणतात. हा जर्मनचा गंज रोज पाणी तापवून आतून काळा पडलेला. सकाळी मी स्वतः पाहिला होता. त्यात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझे डोहाळे म्हणून अंबाडीची भाजी शिजवली, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाचं तेल... मी पोटभर खाल्ली. आणि आता गंज आतून चांदीसारखा. भाजी जिथवर होती तिथवरच. वर काळी कड तशीच.

"आंबट शिजवलं का असाच निंघते," आई कौतुकानं म्हणाल्या. "घासाचं कामच नाई पडत."

अमरावतीहून येताना एसटीत मी हेच वाचत होते. आंबटात भांड्याचं ॲल्युमिनियम उतरतं, आणि गरोदर उंदरांना ते दिलं, तर पिल्लांची वाढ आणि शिकणं मागे पडतं म्हणे. वाचून मोबाइल पर्समध्ये टाकला होता. आणि इथे ते माझ्यासमोर चमकत होतं. खरं सांगते, भीती नंतर वाटली... आधी आनंद झाला. वाचलेली गोष्ट अशी हातात क्वचित येते.

"आई, मग ते काळं गेलं कुठं?"

आईंनी गंजाकडे पाहिलं. मग माझ्या ताटाकडे. मी उत्साहात सांगत सुटले... उंदीर, पिल्लं, आंबट, जर्मन. सांगून झालं तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि गंज त्यांच्या मांडीवर होता.

"वसंता माह्या पोटात होता तवा मी हेच खाल्लं," त्या म्हणाल्या. "याच गंजातलं. पाच वर्साचा होईस्तोवर बोलला नाई तो."

वसंता म्हणजे माझे थोरले दीर. ही गोष्ट घरात हसत सांगतात, कारण आता ते थांबत नाहीत. गावात जयंतीच्या कार्यक्रमाला माइक त्यांच्याच हातात असतो. पण आई आज हसत नव्हत्या.

"तुह्या डॉक्टरीनबाईले फोन लाव."

रविवार असूनही अमरावतीच्या माझ्या डॉक्टरांनी फोन उचलला. स्पीकर लावला. आईंनी माझ्याबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं ते वसंताबद्दल.

डॉक्टर म्हणाल्या, प्रयोगात उंदरांना देतात ते प्रमाण फार मोठं असतं. भांड्यातून येतं ते थोडं, आणि त्यातलं बरंचसं शरीर बाहेर टाकतं. माणसांबद्दल अजून ठाम सांगता येत नाही, आणि मुलं उशिरा बोलण्याला किती तरी कारणं असतात. "एका गंजावर बोट ठेवू नका, मावशी. आंबट तेवढं स्टीलमध्ये शिजवा." मला वेगळं बजावलं... ॲसिडिटीचं पातळ औषध मनानं घ्यायचं नाही, त्यातल्या काहींत ॲल्युमिनियमच असतं.

पोटावरचा हात मी तेव्हा काढला. आई मात्र गंज मांडीवरून खाली ठेवेनात.

तेवढ्यात वसंताभाऊजीच आले. "काहून बसली अशी?"

आईंनी सगळं सांगितलं. भाऊजींनी गंज हातात घेतला, आत डोकावून पाहिलं.

"मी उशिरा बोललो," ते म्हणाले, "कारन तू बोलताना मधात थांबतच नवती. मले चान्स भेटला नाई."

आई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्याच पदरानं डोळे पुसले. "मुडद्या," म्हणाल्या. "जाय, माळ्यावरचा स्टीलचा गंज काढ."

तो माझ्या लग्नातला. पाहुण्यांसाठी म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात अंबाडी झाली. तळाला थोडी लागली. मी दोनदा वाढून घेतली. जर्मनच्या गंजात आईंनी ज्वारी भरून ठेवली. स्टीलचा भाऊजींनी घासला... घासताना बोलतच होते.