खुर्ची दिलेला माणूस

ती घटना आठवली की आजही माझ्या मुठी आवळतात. हा राग कुणाकुणावर आहे, ते मी लपवणार नाही.

बेचाळीसच्या चळवळीनंतरचे दिवस होते. मी फौजदार होतो. कुंडलच्या संस्थानी हद्दीला लागून असलेलं एक गाव माझ्या ठाण्याखाली येई. भूमिगत तिथे मुक्काम करत आणि आम्ही पोचेपर्यंत हद्दीपार होत, जिथे आमचा अंमल चालत नसे. वरून हुकूम आला, गावाला धडा शिकवा. आम्ही सगळे पुरुष चावडीपुढे उन्हात उकिडवे बसवले आणि मारत सुटलो.

आमची एक रीत होती. गावातल्या आपल्या खबऱ्याला सगळ्यांदेखत चार फटके जास्त मारायचे, म्हणजे त्याच्यावर संशय येत नाही. त्या गावातला आमचा खबऱ्या तालमीचा वस्ताद होता. मी स्वतःच्या हाताने त्याचं तोंड फोडलं.

त्याच रांगेत पलटणीतून पेन्शनीवर आलेला एक हवालदार होता. आफ्रिकेच्या लढाईत त्याचा पाय गेला होता. लाकडी पायावर उकिडवं बसता येईना. माझे वडीलही पलटणीतलेच. मी त्याला चावडीतली खुर्ची दिली आणि चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर त्याच्या मानेत कुऱ्हाड घातली गेली.

पंचनाम्याला पंच मिळेनात. तिरडीला खांदा द्यायला गावातला एक माणूस पुढे आला नाही. शेवटी माझ्या शिपायांनी खांदा दिला. झालं, तो आमचाच माणूस होता की नाही, ही गावाची उरलीसुरली शंकाही फिटली.

चार दिवसांनी म्हैस चोरीला गेल्याचं निमित्त करून वस्ताद ठाण्यावर आला.

"तुमाला हवा त्यो गडी गुऱ्हाळात हाय," तो म्हणाला. "दुपारचं जेवून झोपतोय. कुऱ्हाड चिपाडाच्या ढिगात हाय."

खबर इतकी नेमकी असली, की ती आणणाऱ्याला ती कुठून मिळाली हे आधी विचारावं. मी विचारलं नाही. मला आरोपी हवा होता.

दुपारी आरोपी सापडला आणि कुऱ्हाडही सापडली. पंचविशीतला पैलवान, भूमिगतांना सामील असलेला, त्याच वस्तादाचा चेला. जबाब घेताना त्याने काहीच नाकारलं नाही.

"देश इकनाऱ्याला मारलं. त्यात पाप कसलं?" तो म्हणाला. "तुमी बंदुका लावून हिंडता, त्ये पुण्य व्हय?"

"त्यानं देश विकला हे तुला कुणी सांगितलं?"

"समदं गाव उन्हात, आन् त्यो खुर्चीत. च्या पीत. आमी काय आंधळं हाय?"

"अरे, त्याचा पाय लाकडी होता."

"तोंड न्हवतं व्हय लाकडाचं."

कोठडीबाहेरचा शिपाई हसला. मी त्याला हाकलून दिलं आणि पुन्हा विचारलं, "नाव पहिल्यांदा कुणी घेतलं?"

तो छाती काढून म्हणाला, "तुमी ज्याचं थोबाड फोडलं, त्येनं. आमच्या वस्तादानं. एवढा मार खाल्ल्याला मानूस खोटं बोलंल व्हय?"

त्या क्षणी सगळा गुन्हा माझ्यापुढे उघडा पडला. खबऱ्याने आपली मान वाचवायला हवालदाराची मान पुढे केली होती. मग ती तोडणाऱ्यालाही त्याने माझ्या हाती दिलं. आणि त्या वस्तादाला इमानदारीचा दाखला मी दिला होता, चावडीपुढे, माझ्या मुठीने.

मी केस डायरीत सगळं लिहिलं. वरिष्ठांनी ते पान काढायला लावलं. "खबऱ्याचं नाव कागदावर येत नाही," ते म्हणाले. "नवीन आहात का?" मी पान काढलं. पैलवानाला फाशीची शिक्षा झाली.

फाशीआधी मी त्याला तुरुंगात भेटलो. "हवालदार आमचा माणूस नव्हता," मी सांगितलं.

"मग कोन?" त्याने ताडकन विचारलं. चेहऱ्यावर पुन्हा कुऱ्हाड उचलायची तयारी होती. माझ्या गप्प राहण्यातून त्याला कळलं असावं, कारण तो हळूहळू भिंतीला टेकून खाली बसला.

"गावात सांगू नगा," तो म्हणाला. "आनिक एक मुडदा पडंल. हवालदाराच्या बायकूला तेवढं सांगा."

एखाद्याला ठार मारणं कधी न्याय्य ठरतं का, यावर लोक मोठमोठी भाषणं करतात. मी तीस वर्षं खुनी पाहिले. आपण न्याय केला असं म्हणणारे त्यात पुष्कळ होते. भूमिगतांचा न्याय, सरकारचा न्याय, दोघांनाही पक्की खात्री होती. ती खात्री एका लबाडाच्या तोंडी शब्दावर उभी होती. आणि खरं ठाऊक असलेला एक गणवेशातला माणूस आपली नोकरी सांभाळत बसला होता. मेलेल्या माणसाची फेरतपासणी होत नाही. ज्याला ही एवढी गोष्ट कळत नाही, त्याने न्यायाचं नाव घेऊ नये.

मी हवालदाराच्या बायकोकडे गेलो. ती अंगणात शेण कालवत होती. मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं, पण हात थांबवले नाहीत.

"मला ठावं न्हवतं व्हय?" ती म्हणाली. "माजा नवरा हुता त्यो. मला कशाला सांगता? चावडीत जाऊन सांगा की."

मी चावडीत गेलो नाही. पैलवानाचा शब्द पाळतो आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. वस्ताद पुढे म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला. तोवर ती बाई गाव सोडून गेली होती, आणि जाताना तिचं सामान गाडीत चढवायला कुणी हात लावला नव्हता. आज मी हे लिहितो आहे, तेही कुणाचं नाव न घेता.