काळजावरचे पाण्याचे फोड

ओल्या लोकरीचा वास आला की मी मनानं मिरजगावजवळच्या आमच्या मेंढवाड्यात जाते. लग्न नवीन होतं, सासरच्या घराची धास्ती होती; काही चुकलं तर हाकलून देतील, असं वाटायचं. एके दिवशी कोवळ्या उन्हात सासऱ्यांनी मेंढा कापला. काळीज उजेडात धरलं, तर त्यावर पाण्यानं भरलेले फोड दवासारखे चमकत होते. मला ते सुंदरच वाटले.

जेवायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई मात्र गंभीर झाल्या. "हे जंताचे फोड आहेत. कुत्र्यानं हे खाल्लं की जंत त्याच्या पोटात वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मग मेंढ्यांच्या पोटात जातात. माणसांनाही धोका असतो."

सासूबाई दचकल्या. दारातल्या कुत्र्याकडे बोट करून म्हणाल्या, "अवो, आदी ह्याला हाकलून द्या!"

सासऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. "त्यानं कुटं मागितलं हुतं? आपनच टाकत आलो."

बाईंनी दिलेली जंताची गोळी त्यांनी भाकरीच्या तुकड्यात घालून कुत्र्याला चारली. मग बोरीखाली खोल खड्डा घेऊन काळीज पुरलं, वर दगड रचले. कुत्रा शेजारी बसून शेपूट हलवत होता.

त्या घरात मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला, तो तेव्हा.