आपल्या बाजूचा राक्षस

बाबांना सिनेमाला न्यायची अक्कल माझी. लेकीचा त्यात दोष नाही, तिला फक्त सोबत हवी होती. अवाढव्य प्राण्यांच्या त्या चित्रपटमालिकेचा पाचवा भाग रत्नागिरीत लागला होता आणि आधीचे चारही तिला तोंडपाठ. मी म्हटलं, आजोबांनाही नेऊ. वादळात दापोलीकडची आमची वाडी भुईसपाट झाली, मागोमाग आई गेली आणि मी बाबांना इथे फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. तेव्हापासून ते जेवायला 'व्हय' आणि औषधाला 'न्हाय', एवढंच बोलायचे. ते पुन्हा बोलते व्हावेत, बाकी मला काही नको होतं.

मध्यंतरापर्यंत बरं चाललं. लेक त्यांच्या कानाशी लागून सांगत होती, हा दुसऱ्या भागात मेला होता, तिसऱ्यात त्याला कुणी जिवंत केलं. अख्खं पुराणच. बाबा चक्क ऐकत होते, वेफर्सही खात होते. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

मग पडद्यावर समुद्रातून तो राक्षस वर आला. आधी वारा सुटला, मग किनाऱ्यावरचे माड आडवे झाले, मग घरांची छपरं उडाली. थिएटरात शिट्ट्या आणि टाळ्या. नायकच होता तो.

"आजोबा, हा आपल्या बाजूचा आहे," लेक म्हणाली.

"आपल्या बाजूचा? मग आपल्याच घरांवर पाय कशाला देतोय?"

कितीतरी महिन्यांतलं त्यांचं ते पहिलं लांब वाक्य. मला हसू आलं, आनंदही झाला. तेवढ्यात ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, लेकरं घरात हायत. ह्ये संकाट शिवेभायेर ने रे म्हाराजा!"

गावात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. एक जण देवापुढे मागणं मांडतो आणि जमलेला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गावाने साथ दिली नाही तर गाऱ्हाणं अर्धंच राहतं. बाबा थांबले होते ते त्यासाठीच. मला ते कळत होतं. लहानपणी घसा बसेपर्यंत ओरडलोय मी तसा.

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ काका, बसा की खाली!" लोक हसले. माझे कान तापले. नुसते दोन शब्द म्हणायचे होते. मी बाबांचा सदरा ओढला आणि त्यांना खाली बसवलं.

शेवटी आपल्या बाजूचा जिंकला. त्याच्या पायाखाली गाव काही उरलं नव्हतं. लेकीने या वेळी काही समजावून सांगितलं नाही.

घरी चपला काढताना बाबा म्हणाले, "वादळात बी घातलं व्हतं मी गाऱ्हाणं. छप्पर गेलं तरी तुजी आय भिंत धरून उभी व्हती. एकटीच 'व्हय म्हाराजा' म्हनत व्हती."

मी तिथेच, दारात, "व्हय म्हाराजा" म्हणालो. माझा आवाज मलाच कसातरी वाटला. बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. लेकीने औषध पुढे केलं.

"न्हाय," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.