खंडेनवमीला पुसलेला लेथ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

बाबा अचानक गेले तेव्हा अमेरिकेत, प्लेनोत आमच्याकडे भाड्याची एक खोली होती आणि सुरू न होणारी गाडी. आईला इंग्लिश येत नव्हतं, पण नागपूरच्या आयटीआयमधला टर्नरचा, लेथवर धातू कातायचा हात होता. गावाबाहेर मिस्टर अर्ल यांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. तिथे तिला लेथवर काम मिळालं. शिकारीच्या रायफलींचे रिसीव्हर सरळ करायचे — रिसीव्हर म्हणजे ज्यात नळी आट्यांवर बसते तो पोलादी भाग. तो लेथवर स्क्रूंनी धरायचा, फिरवायचा, केसभर तिरकेपणाही दाखवणाऱ्या डायलचा काटा हलेनासा होईपर्यंत जुळवायचा. मगच तोंडावरून, आट्यांवरून केसभर कट. त्या तेलाचा वास आजही कुठे आला की मी थांबते. मी कॉलेजातून आले की आई म्हणायची, "इंजिनिअरबाई, सरका नं, उजेड अडवता माझा!"

खंडेनवमीला लेथला सुट्टी. मिस्टर अर्ल टोपी काढून पूजेला उभे राहायचे.

त्या वर्षी आईने आदल्या दिवशीच एक रिसीव्हर जुळवून ठेवला होता — एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या वडिलांची रायफल. लेथ पुसायचं काम माझं. फोटोत चकचकीत दिसावा म्हणून मी रिसीव्हर धरणारे दोन स्क्रू सैल केले, आतलं तेल पुसलं, परत आवळले. अंदाजाने! इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते मी. मला कळत नव्हतं? कळत होतं.

दसऱ्यानंतर आईने विचारलं, "कशाला हात नाही नं लावला?"

"नाही गं. हळदकुंकू वाहिलं फक्त."

तिने काटा पुन्हा बघितला नाही. आटे तिरके कापले गेले — रिसीव्हर वाया. ती कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिली. मग चष्मा काढला.

"डोळे गेले गं माझे."

मिस्टर अर्ल म्हणाले, होतं असं कधीकधी. तेव्हा बोलायला काय झालं होतं मला? एकच वाक्य होतं. पण इंजिनिअर होणारी मुलगी चुकली, हे त्या दोघांसमोर — नाही म्हणवलं. मी चहा ठेवला.

आईने परत लेथला हात लावला नाही. तिथेच पॅकिंग करू लागली. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, डॉक्टरवर नाही.

आता ती माझ्याकडे असते. खंडेनवमीला माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहते — अगदी हलक्या हाताने, काही हलू नये असं.

त्या दसऱ्यानंतरच्या मे महिन्यात मला पदवी मिळाली. आमच्या घरातली पहिली.